धुळ्याचा कॅमेरा, ज्याला पिवळ्या रेघेपलीकडचं दिसत नाही

डिजिटल फोटोला आत्मा नसतो, हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं.

नाशकात फिल्म कॅमेरावाल्यांचा एक ग्रुप आहे. सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. यातल्या एका गृहस्थांच्या कॅमेऱ्याचा पट्टा कॅमेऱ्यापेक्षा महाग आहे. दुसरे एक जण महिन्यातून एकदा कटिंग चहाच्या ग्लासचा कृष्णधवल फोटो टाकतात आणि बाकीचे त्याखाली 'काय ग्रेन आहे!' म्हणजे फिल्मचे दाणे काय सुंदर दिसतात, असं लिहितात. ग्लास दर महिन्याला तोच असतो. मी एकदा गोदाघाटावरचा एक फोटो टाकला. बरा होता. कुणीतरी विचारलं, "कॅमेऱ्याची बॉडी कोणती?" मी लिहिलं, "फोनवर काढलाय." त्यानंतर ग्रुपवर अशी शांतता पसरली की जणू कुणाच्या तरी घरचं वाईट कळलं असावं. मग एकाने नमस्काराचे हात पाठवले.

तेव्हा मी ठरवलं, आपणही एक जुना, हाताने फोकस करायचा फिल्म कॅमेरा घ्यायचा आणि या लोकांच्या पंगतीत मांडी घालून बसायचं.

"फोनला तीन कॅमेरे आहेत," नवरा म्हणाला. "त्यातले दोन कशाला आहेत ते तुला अजून माहीत नाही. आता चौथा?"

पुण्या-मुंबईत या कॅमेऱ्यांचे भाव आता पैठणीसारखे झालेत. ग्रुपवरच्या एका जाणकारांनी सल्ला दिला, "खान्देशात जा. तिकडे लोकांना किंमत कळत नाही." या माणसाने खान्देश बहुधा रेल्वेच्या खिडकीतून, तोही झोपेत, पाहिला असावा. पण स्वस्ताचं नाव निघालं की माझीही विवेकबुद्धी जरा बाजूला होते. डिसेंबरातला शनिवार-रविवार धरला, सोमवारची रजा टाकली, सातशे रुपयांचा एक रोल पर्समध्ये टाकला आणि निघाले.

पहिला दिवस: भुसावळ आणि बुरशी

नाशिक रोडहून सकाळी भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या भरपूर आहेत. चार तासांच्या आत पोचता. आरक्षण नसेल तर जनरलमध्ये उभं राहायची तयारी ठेवा. जळगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात आणि डब्यातले सगळे लोक केळीचा भाव या एकाच विषयावर बोलू लागतात. मला कळेना एवढ्या केळीच्या राज्यात स्टेशनावर केळी नाशिकच्याच भावात का विकतात. शेजारच्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "स्टेशनवर लोकल माणूस केळी घेतच नाही. तुमच्यासाठीच ठेवलीयेत."

भुसावळला ज्यांच्याकडे जायचं होतं त्यांची जाहिरात मी ऑनलाइन पाहिली होती. 'अँटिक कॅमेरा, एकदम नवा.' एकच वस्तू एकाच वेळी अँटिक आणि नवी कशी असते हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. रेल्वेच्या वसाहतीत, मोठ्या कडुलिंबाखालचं नीटनेटकं क्वार्टर. गृहस्थांनी आधी चहा दिला, मग मखमली कापडात गुंडाळलेला कॅमेरा आणला.

हाताने फोकस करायचा जुना कॅमेरा विकत घेणाऱ्यांसाठी इथे थोडं उपयोगाचं सांगते. लेन्स काढून उजेडाकडे धरायची आणि आरपार पाहायचं. मी पाहिलं. आत पावसाळ्यात चपलेवर उगवते तशी पांढरी बुरशी उगवली होती.

"काका, आत बुरशी आहे."

"ती ओरिजिनल आहे," काका म्हणाले.

बटण दाबून पाहिलं, तर दाबलेलं बटण वर येईना. काकांनी ते नखाने उचकटलं आणि म्हणाले, "थंडीमुळे." बाहेर बत्तीस अंश होतं आणि मी पदराने वारा घेत होते. मी चहाचे आभार मानून उठले. काका दारापर्यंत आले आणि म्हणाले की अशी वस्तू तुम्हाला परत मिळायची नाही. ते मात्र मला अगदी पटलं.

संध्याकाळी परत जळगावला आले आणि स्टेशनजवळच्या लॉजवर खोली घेतली. साधी, स्वच्छ, हजाराच्या आत. जळगावला थंडीत गेलात तर भरीत खाल्ल्याशिवाय यायचं नाही. इथलं वांगं हिरवं, लांबट आणि आकाराने एवढं मोठं की नाशिकच्या वांग्यांनी लाजून मान खाली घालावी. ते काड्यांवर भाजून, बडग्याने ठेचून, हिरव्या मिरचीने इतकं तिखट करतात की दुसऱ्या घासाला मला माझ्या सासरचे सगळे लोक आठवले. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. भुसावळच्या काकांचा राग तिसऱ्या घासाला गेला.

दुसरा दिवस: जळगाव, आणि एका मामांची कीर्ती

सकाळी मार्केटच्या मागे पासपोर्ट फोटोचं एक दुकान उघडं दिसलं. आता हात हलवत परत जायचं आणि ग्रुपला काय सांगायचं, या विचाराने मी शेवटचा प्रयत्न म्हणून आत शिरले. दुकानदार चाळिशीचा, चष्मेवाला, एका बाईच्या आधार कार्डाच्या फोटोतून दोन हनुवट्या पुसत होता. जुना फिल्म कॅमेरा म्हटल्यावर त्याने मान वर केली.

"आमच्या मामांकडे आहे. धुळ्याला. नाना म्हणतात त्यांना सगळे. पन्नास वर्षं स्टुडिओ चालवला."

"चालू आहे?"

"मामा चालू आहेत. कॅमेरापण चालू आहे." तो हसला. "पण सांभाळून. पुढच्या महिन्यात दुकान मोबाइल कव्हरवाल्याला भाड्याने देऊन ऱ्हायले. म्हणून तापलेले आहेत. आणि त्यांच्यासमोर कुठलाही हललेला फोटो दाखवू नका."

"का?"

"फाडतात. गिऱ्हाईकाचा असला तरी फाडतात. पैसे परत देतात, पण फोटो देत नाहीत. फोकस नसलेला फोटो आपल्या हातून बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. माझ्या मुंजीतला निम्मा अल्बम असाच गेला."

त्याने मामांना फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणीतरी ओरडल्याचा आवाज आला. फोन ठेवून तो म्हणाला, "या म्हणाले."

जळगाव-धुळे रस्ता आता बराचसा चौपदरी झालाय आणि एरंडोल, पारोळ्यावरून एसटी सव्वादोन-अडीच तासांत पोचवते. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मी मनापासून उपभोग घेतला. वाटेत दोन्हीकडे कापूस वेचून झालेली काळी रानं. पारोळ्याला गाडी थांबली की उतरून गरम भजी घ्या. ड्रायव्हर पाच मिनिटं म्हणतो, पण त्यालाही भजी आवडतात.

धुळ्यात जुन्या भागातल्या गल्ल्यांना नंबर आहेत. रिक्षावाल्याला गल्लीचा नंबर सांगितला, तर त्याने पुन्हा विचारलं, "नानाकडे का? फोटोवाला?" मी हो म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "माझ्या लग्नाचा फोटो त्यांनीच काढला. मला चार वेळा खडसावलं. बायको अजून हसते." असे अनुभव मला धुळ्यात आणखी दोघातिघांनी सांगितले. या शहरातल्या एका अख्ख्या पिढीने लग्नात आधी नानांच्या शिव्या खाल्ल्या आणि मग जेवण.

दुकान अरुंद आणि लांब. पुढे काउंटर, मागे काळ्या पडद्याआडचा स्टुडिओ, त्याच्याही मागे घर. दोन्ही भिंतींवर जोडप्यांचे फोटो, अगदी छतापर्यंत. नवरे सगळे ताठ, बायका सगळ्या तीन-चतुर्थांश वळलेल्या, आणि प्रत्येक फोटो असा लख्ख की नाकातल्या नथीचे मोती मोजावेत. मी मान वर करून पाहत राहिले. ग्रुपवरच्या चहाच्या ग्लासची मला पहिल्यांदाच कीव आली.

नाना पंचाहत्तरीचे, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला चार पेनं. बसा म्हणाले नाहीत.

"रीळ भरता येतं का?"

"येतं."

"येतं येतं असं सगळेच म्हणतात." मग त्यांनी कपाटातून कॅमेरा काढला.

जपानी, काळा आणि रुपेरी, कोपऱ्यांवर पितळ उघडं पडलेलं. माझ्या मनात लगेच ग्रुपवर टाकायच्या फोटोची जुळवाजुळव सुरू झाली. लेन्स उजेडाकडे धरली, आरसपानी. बटण दाबलं, खणखणीत आवाज. आतून पाहिलं. या कॅमेऱ्यांत मधोमध एक गोल असतो. फोकस नसेल तर त्यात माणूस मध्ये चिरल्यासारखा दिसतो. लेन्सवरची रिंग फिरवत दोन्ही अर्धे जुळवायचे. मी रिंग फिरवायला गेले.

फिरेना. अंगठ्याने जोर लावला, तरी फिरेना. नीट पाहिलं, तर रिंगच्या सगळ्या खाचांमध्ये काहीतरी घट्ट, लालपिवळं, दगडासारखं बसलं होतं. वास घेतला. हळद, कुंकू आणि खोबरेल तेल.

"नाना, हे काय?"

"पूजा," नाना अभिमानाने म्हणाले. "एक दसरा चुकला नाही. हळद, कुंकू, अक्षता, फूल. वरून दोन थेंब तेल, म्हणजे फिरायला हलकं राहतं."

पन्नास दसऱ्यांचं हळदकुंकू तेलात कालवलं तर त्याचं काय होतं, हे मी आमच्या विम्याच्या ऑफिसच्या प्रिंटरवर पाहिलंय. तिथे दर खंडेनवमीला स्वस्तिक काढतात आणि दिवाळीपर्यंत प्रत्येक पॉलिसी गुलाबी छापून येते. इथे तर एक अख्खी अक्षताच रिंगच्या फटीत अडकून बसली होती.

"म्हणजे हिचा फोकस फिरतच नाही?"

"फिरवायचा कशाला?" नाना एकदम चिडले. "फोकस फिरवत बसलं तर वरमाला निघून जाते. माणूस फिरवायचा!"

त्यांनी पडदा बाजूला केला. स्टुडिओच्या फरशीवर ऑइल पेंटची एक पिवळी रेघ होती, आणि तिच्यापासून आठेक फुटांवर फरशीचा एक तुकडा झिजून गुळगुळीत झालेला. गिऱ्हाईक रेघेवर, नाना तुकड्यावर. लग्नात हेच अंतर ते पावलांनी मोजत आणि अख्खं वऱ्हाड मागेपुढे ढकलत. रिंग कधी अडकली हे त्यांना आठवतही नव्हतं. हाताने फोकस करायचा कॅमेरा त्यांनी इतकी वर्षं फोकस न करता वापरला होता, आणि भिंतीवरच्या एकाही फोटोत खोट काढायला जागा नव्हती. मला हसू येत होतं आणि ग्रुपपुढे आपण काय तोंड दाखवणार याचं रडूही.

तेवढ्यात आतून एक बाई पदराला हात पुसत आल्या. नानांच्या पत्नी, अक्का. गोऱ्या, ठेंगण्या, आवाज नानांपेक्षा वरच्या पट्टीतला आणि बोली अस्सल खान्देशी.

"ये माय, पैले जेवण करी ले. कॅमेरा काय पयी जाई ऱ्हायना?"

फुणके आणि कढी. डाळ भरड वाटून वाफवलेले मुटके कढीत कुस्करून खायचे. तिखट असूनही मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. जेवताना मी सहज म्हटलं, "अक्का, बाहेर इतके फोटो आहेत, तुमचा दोघांचा कुठला?"

नाना ताटात पाहू लागले.

"बठ्ठा धुयाना जोडपास्ना फोटू काढात याह्नी," अक्का म्हणाल्या. "मना संगे एक बी नही."

"लग्नाचे तरी असतील?"

"व्हतात ना. ह्या माणूसनी फाडी टाकात."

"फोकस नव्हता!" नाना म्हणाले. "जळगावहून फोटोग्राफर आणला होता. एकही सरळ नाही. असले फोटो मी घरात ठेवू?"

"तुमना फोकस!" अक्कांनी पळी कढईत आपटली. "मनं तोंड व्हतं त्यामा."

मग पुन्हा कधी काढला नाही? तर नाही. कारण कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि नाना एकाच वेळी रेघेवर आणि तुकड्यावर उभे राहू शकत नव्हते. स्टँड आणि टायमर? "ते हौशी लोकांसाठी," नाना म्हणाले. इतरांच्या संसाराची साक्ष भिंतभर टांगून ठेवायची आणि स्वतःच्या संसाराची फाडून टाकायची, या अडेलतट्टूपणाला काय म्हणावं? मला त्या माणसाचा मनापासून राग आला. हातातला घास खाली ठेवून मी तसं बोलून दाखवणार होते, पण अक्कांनी माझं मनगट धरलं.

"कॅमेरा लई जाय माय. पन पैले आमना दोन्हीस्ना एक फोटू काढी दे. त्यानाबिगर हाऊ कॅमेरा घरबाहेर जावाव नही."

"हलला तर मी फाडणार," नाना म्हणाले.

"तं हालू नका ना!"

 मला कॅमेरा हवा होता, ते ठीक. पण मी चुकले तर या बाईच्या वाट्याला दुसऱ्यांदा कागदाचे कपटे येणार होते, आणि पुढच्या महिन्यात तिथे मोबाइलची कव्हरं टांगली जाणार होती.

रोल भरला. नानांनी दिवे लावले, मागचा निळा पडदा झटकला. अक्का आत जाऊन हिरवी नऊवार नेसून, नथ घालून आल्या. नऊवार आणि नथ आधीपासून काढून तयार ठेवलेली असावी इतक्या लवकर आल्या. दोघं पिवळ्या रेघेवर उभी राहिली. मी झिजलेल्या तुकड्यावर पाय ठेवला. नानांची पावलं लहान आहेत, माझा पाय त्या तुकड्याबाहेर येत होता.

यानंतर जे झालं त्याला फोटो काढणं म्हणत नाहीत. नाना रेघेवर उभं राहून मला सूचना देत होते. कोपर अंगाला लावा. श्वास सोडा. डावा दिवा वाकडा आहे. मग ते रेघ सोडून दिवा सरळ करायला आले. परत गेले. मग पडद्याची सुरकुती. मग माझ्या हातातून कॅमेरा घेऊन स्वतः अक्कांकडे पाहिलं, म्हणाले, "ही बरोबर आहे," आणि परत गेले. चौथ्यांदा निघाले तेव्हा अक्कांनी त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि सोडलीच नाही. मधल्या गोलात मी अक्कांच्या नथीवर नेम धरला. दोन्ही अर्धे अगदी जुळले होते.

"डोळे मिटू नका!" नाना अक्कांवर ओरडले. स्वतःच्या बायकोला गिऱ्हाईकासारखं.

मी बटण दाबलं. नानांनी एकच फोटो काढू दिला. दुसरा काढणं म्हणजे पहिल्यावर अविश्वास, असं त्यांचं म्हणणं.

किंमत त्यांनी सांगितली ती मी निमूट दिली. निघताना नानांनी कॅमेऱ्याला हात जोडले आणि मला बजावलं की दसरा चुकवू नका.

तिसरा दिवस: परतीचा रस्ता आणि सगळं धूसर

रात्र धुळ्यातच एका लॉजवर काढली आणि दुपारी निघाले. धुळे-नाशिक हायवे गुळगुळीत आहे, चार तासांत घरी. शहर सोडलं की लळिंगचा किल्ला दिसतो. बस थांब्यावरून मी त्याचा फोटो घेतला, म्हणजे प्रयत्न केला. किल्ल्याला दोन पावलं पुढे ये म्हणून सांगणारे नाना सोबत नव्हते. बस, ढाबा, शेवभाजीची थाळी, झोपलेला कंडक्टर, सगळे मधल्या गोलात चिरलेलेच दिसत होते. तरीही रोल संपवला, कारण सातशे रुपये.

रोल धुवायला पुण्याला पाठवला. नाशकात आता कुणी धुत नाही. चौदा दिवसांनी फोटो आले. किल्ला म्हणजे भिजलेला भाकरीचा तुकडा. थाळी म्हणजे तांबडा डाग. मी चिडून ते सगळे ग्रुपवर टाकले आणि ग्रुप वेडा झाला. 'काय स्वप्नवत!' 'ही खरी फिल्म!' पट्टावाल्या गृहस्थांनी लळिंगच्या धुक्याबद्दल एक परिच्छेद लिहिला. डिसेंबरात धुळ्याला दुपारी दोन वाजता धुकं असतं का हे त्यांना कुणी विचारलं नाही. मी त्याच रोलमधला नाना-अक्कांचा फोटोही टाकला. त्यावर एकच उत्तर आलं, 'जरा स्टुडिओसारखा वाटतो.' त्या दिवशी मी ग्रुप सोडला.

कारण तो एकच फोटो लख्ख आला होता. अक्कांच्या कपाळावरची बारीक शीर, नथीचा प्रत्येक मोती, नानांच्या बाहीवर आवळलेली त्यांची बोटं. सगळं सुईने कोरल्यासारखं स्वच्छ. फक्त नानांचे डोळे मिटलेले होते. आयुष्यभर गावाला डोळे मिटू नका म्हणून ओरडलेला माणूस शांतपणे डोळे मिटून उभा होता.

मी घाबरत घाबरत मोठा प्रिंट काढून कुरियर केला.

मधल्या काळात एक दुरुस्तीवाला म्हणाला, लेन्स खोलून रिंग मोकळी करून देतो. मी अजून दिलेली नाही. आमच्या हॉलच्या फरशीवर मी पिवळी चिकटपट्टी लावली आहे. पाहुणे आले की त्यांना रेघेवर उभं करते, ओरडते, एकच फोटो काढते. नवरा पहिल्यांदा कुरकुरला, आता केस विंचरून येतो. फोनमधले हजारो फोटो आम्ही कधी उघडून पाहत नाही. हे पाहतो. प्रवासातून मी काय आणलं असं कुणी विचारलं तर मी तीच पट्टी दाखवते.

मग परवा नानांचा फोन आला.

"ताई, फोटो बाद. डोळे मिटलेत. कॅमेरा घेऊन या, परत काढू. हा मी फाडतो."

"नाना, फोकस कसा आहे?"



"फोकस बरोबर आहे," नाना कसंबसं म्हणाले.

"मग तुमच्या नियमाने फाडता येतो का?"

खुडबुड झाली आणि फोन अक्कांच्या हातात गेला.

"फ्रेम करी लिधी मी. भिताडवर लायी बी दिधी," त्या म्हणाल्या. "डोया मिटेल शेतस तं ऱ्हाऊ दे माय. मन्हाकडे देखाले कधी उघडा व्हतात त्या?"